बोटीवर राहून स्कूबा डायव्हिंग : छोट्या गटाच्या सफरींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइव्हअबोर्ड सफरीत आपण बोटीवरच राहतो, जेवतो, झोपतो आणि तिथूनच दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरतो. किनारा बऱ्याचदा दिसतही नाही आणि जवळचं इस्पितळ कित्येक तासांवर असतं. त्यामुळे सुरक्षेचे प्रश्न लोकांनी पैसे भरण्याआधीच विचारावेत, अगदी खोदून विचारावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न खाली आहेत. फारसं कोणी विचारत नाही, पण विचारायलाच हवेत, असेही काही त्यात घातले आहेत.

बोटीवरचा दिवस कसा असतो?

उजाडताच चहा-बिस्किटं, मग ब्रीफिंग आणि पहिली डाइव्ह. परत आल्यावर नाश्ता आणि विश्रांती, दुपारच्या जेवणाआधी दुसरी डाइव्ह, दुपारी तिसरी. समुद्र शांत असेल आणि ठिकाण योग्य असेल तर अंधार पडल्यावर चौथी. दोन डाइव्हच्या मध्ये आम्ही साधारण दोन तासांहून जास्त वेळ ठेवतो. बोट बहुतेक वेळा रात्री पुढच्या ठिकाणी जाते. कोणतीही डाइव्ह सक्तीची नाही. दुपारची सोडून कोणी झोप काढली तर आम्हाला बरंच वाटतं.

किती अनुभव हवा? नुकतंच ओपन वॉटर झालेलं चालेल का?

ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डवर ३० मीटरपर्यंत. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर मानली जाते. काही ठिकाणचे नियम याहून कडक आहेत. मालदीवमध्ये हौशी डायव्हर्सना ३० मीटरच्या खाली जायला मनाई आहे. लाल समुद्रातल्या ब्रदर्स, डेडालस यांसारख्या भर समुद्रातल्या संरक्षित जागांसाठी लॉगबुकात किमान ५० डाइव्ह लागतात.

पण कार्डापेक्षा आम्ही शेवटची डाइव्ह कधी झाली ते आधी विचारतो. शंभर डाइव्ह झालेला माणूस तीन वर्षं पाण्यात उतरला नसेल, तर गेल्याच महिन्यात कोर्स पूर्ण केलेला नवखा कधीकधी त्याच्यापेक्षा सावध आणि सरावात असतो. सहा महिन्यांहून जास्त खंड पडला असेल तर येण्याआधी पूलमध्ये एक उजळणी सत्र करून या. मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडाने घ्यायचं साधन) निसटला तर परत तोंडात घेणं, जागच्या जागी तरंगत राहणं, एवढं तरी हाताखालून गेलेलं असावं.

पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी उथळ पाण्यात चेक-डाइव्ह असते. प्रशिक्षकसुद्धा त्यातून सुटत नाहीत. खाली जाण्यासाठी बांधलेलं वजन बरोबर आहे का, भाड्याचा बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) अंगाला नीट बसतो का, हवा किती लागते, हे सगळं तिथे कळतं.

छोटा गट म्हणजे नक्की किती, आणि त्याने फरक काय पडतो?

आमच्या बोटीवर जास्तीत जास्त बारा पाहुणे असतात आणि पाण्यात एका गाईडमागे चार. फरक कुठे पडतो ते हवेच्या हिशेबातून पाहा.

समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेइतका, दाब वाढतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० लिटर लागते आणि ३० मीटरवर ८०. नेहमीच्या ११ लिटरच्या टँकमध्ये २०० बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण दाब) भरले की साधारण २,२०० लिटर हवा होते. त्यातले शेवटचे ५० बार राखीव धरले तर हा माणूस ३० मीटरवर जेमतेम वीस मिनिटं काढू शकतो. त्याच्या शेजारी मिनिटाला १२ लिटर हवेवर चालणारी व्यक्ती असेल तर तिच्या टँकमध्ये तेव्हा अर्ध्याहून जास्त हवा बाकी असते. आठ-दहा जणांच्या गटात गाईडला ही सगळी आकडेमोड डोक्यात ठेवणं जवळजवळ अशक्य होतं. मग एकाची हवा संपत आली की सगळ्यांना वर यावं लागतं, नाहीतर कोणीतरी संकोचाने आपला गेज (उरलेली हवा दाखवणारा काटा) दाखवतच नाही. ही दुसरी गोष्ट खरी धोक्याची आहे.

दुसरा भाग नजरेचा. पाणी गढूळ असलं आणि आठ-दहा मीटरच्या पुढचं दिसत नसलं, तर लांब रांगेतला शेवटचा डायव्हर गाईडला दिसतच नाही. चौघं असतील तर गाईड मान वळवली की चारही जणांचे डोळे पाहू शकतो. घाबरलेल्या माणसाचे डोळे आधी बोलतात, हाताची खूण नंतर येते. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हपर्यंत गाईडला प्रत्येकाचा नेहमीचा श्वास ओळखीचा होतो, त्यामुळे बुडबुडे भराभर यायला लागले की तो जवळ जातो.

गट करताना आम्ही हवेचा खप आणि अनुभव पाहतो. मित्र-मैत्रिणी म्हणून एकत्र आलेल्यांना कधीकधी वेगळ्या गटांत टाकतो, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

छोट्या गटाची सफर महाग पडते, कारण इंधन आणि खलाशी तेवढेच लागतात आणि खर्च कमी माणसांत वाटला जातो. गॅलापागोसमध्ये तर नियमच आहे की डायव्हिंगच्या लाइव्हअबोर्डवर सोळाहून जास्त प्रवासी घ्यायचे नाहीत. मात्र निव्वळ संख्या कमी असल्याने कोणी सुरक्षित होत नाही. कुठेही बुकिंग करताना विचारा की प्रमाण पाण्यातलं आहे की बोटीवरचं. काही जण डेकवर थांबलेला कर्मचारीही हिशेबात धरतात.

पाण्यातून वर आल्यावर बोट निघून गेलेली असेल तर?

ही भीती निराधार नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका दिवसभराच्या सफरीची बोट दोन डायव्हर्सना पाण्यात सोडून परतली. कोणीतरी मागे राहिलंय हे लक्षात यायला दोन दिवस गेले आणि ती दोघं कधीच सापडली नाहीत. डोकी मोजण्यातली चूक, एवढंच कारण.

म्हणून आमच्याकडे डोकी मोजत नाहीत, नावं पुकारतात. प्रत्येकाने स्वतः ‘हो’ म्हणायचं. ‘तो खाली केबिनमध्ये आहे’ असं दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही, त्याला वर बोलावलं जातं. शिवाय प्रत्येकाचा क्रमांकाचा बिल्ला फळ्यावर असतो. उतरताना तो उलटा करायचा, परतल्यावर सरळ. पुकारणी आणि फळा जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, मग जेवण थंड झालं तरी चालेल.

तुमच्या बाजूने प्रत्येकाकडे फुगवता येणारा सरफेस मार्कर बॉय, शिट्टी आणि छोटा टॉर्च हवा, दिवसाच्या डाइव्हलाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं थोड्या अंतरावरूनही दिसत नाही, दीड-दोन मीटर उंच केशरी नळी दिसते. बॉय खिशात असून उपयोग नाही, तो पाण्याखालून सोडता यायला हवा. येत नसेल तर चेक-डाइव्हला आम्ही शिकवतो. बडी (पाण्यातला ठरलेला जोडीदार) दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधायचं, मग शांतपणे वर यायचं.

रात्री बोटीला आग लागली तर?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. सगळ्यात आधी हाच विचारावा.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटाशी नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेले ३४ जण गेले. रात्रभर फिरती गस्त ठेवणं बंधनकारक होतं, पण त्या रात्री कोणी जागं नव्हतं. झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायचे मार्ग दोन होते, एक जिना आणि एक आणीबाणीची झडप. पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि आग त्याच दालनात होती. पुढे कॅप्टनवर खटला चालला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

या दुर्घटनेने आमच्या कामाची पद्धत ठरवली आहे. बोट चालू असो वा नांगरलेली, रात्रभर एक खलाशी जागा असतो, ठरावीक वेळाने इंजिनरूम, स्वयंपाकघर आणि चार्जिंगची जागा फिरून पाहतो आणि नोंदवहीत वेळ लिहून सही करतो. तुम्ही ती वही कधीही मागून पाहू शकता. प्रत्येक केबिनमध्ये धुराचा अलार्म आहे. बाहेर पडायचे दोन मार्ग दोन वेगळ्या ठिकाणी उघडतात. पहिल्या संध्याकाळी दिवे मालवून सगळ्यांना ते मार्ग हाताने चाचपडत चालायला लावतो. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण धुरात डोळे उघडे ठेवता येत नाहीत, तेव्हा पायांना वाट माहीत असावी लागते.

कॅमेरा, टॉर्च, पाण्याखालची स्कूटर यांच्या लिथियम बॅटऱ्या फक्त ठरलेल्या चार्जिंग टेबलावर, दिवसा, माणूस समोर असताना चार्ज करायच्या. केबिनमध्ये मोबाइलसुद्धा रात्री चार्जिंगला लावायचा नाही. या नियमावर सर्वात जास्त कुरबुर होते आणि यात आम्ही कोणालाही सूट देत नाही.

बोट उलटण्याची भीती असते का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लाल समुद्रात ‘सी स्टोरी’ ही लाइव्हअबोर्ड पहाटेच्या अंधारात उलटली. काही जण कधीच सापडले नाहीत, तर काहींची उलट्या बोटीच्या केबिनमधून एक दिवसाहून जास्त काळाने सुटका झाली. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने सुरक्षा पत्रक काढून तिथली डायव्हिंग बोट निवडताना लोकांनी काळजी घ्यावी असं सांगितलं.

बोटीवर नंतर मजले चढवले, छतावर टँक आणि सामान लादलं की वजन वर सरकतं आणि लाटेने कललेली बोट सरळ व्हायला कुरकुरते. म्हणून विचारायचं ते असं : बोट मुळात अशीच बांधलेली आहे की नंतर वाढवलेली? स्थैर्याची तपासणी कोणी केली, कागद आहे का? सगळ्यांना पुरतील एवढे तराफे आहेत का, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली? ४०६ मेगाहर्ट्झचा, उपग्रहाला संकेत देणारा आणीबाणीचा बीकन आहे का? चांगला चालक कागद दाखवतो. ‘काळजी करू नका, वर्षानुवर्षं करतोय’ एवढंच उत्तर आलं तर दुसरी बोट शोधा.

रोज तीन-चार डाइव्ह, तेही आठवडाभर. शरीराला झेपतं का?

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा. घाईने आलो तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखी, पुरळ, बधिरपणा, चक्कर, वाईट प्रसंगी लकवा होतो. हाच डीकॉम्प्रेशनचा आजार. टप्प्याटप्प्याने वर येण्याची शास्त्रीय पद्धत जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडली. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ पाहून नायट्रोजनचा हिशेब ठेवणारी मनगटी यंत्रं) त्याच विचाराचे वंशज आहेत.

लाइव्हअबोर्डवर अडचण अशी की रात्रीच्या झोपेत सगळा नायट्रोजन निघून जातोच असं नाही, थोडा उरतो आणि दुसऱ्या दिवशीचा त्यावर चढतो. कॉम्प्युटर हे धरून चालतो, पण तुम्ही नीट झोपला नाहीत, पाणी कमी प्यालात, शिडी चढताना दमलात, हे त्याला माहीत नसतं. म्हणून त्याने दाखवलेल्या मर्यादेच्या टोकाशी जायचं नाही. आम्ही दिवसाची सर्वांत खोल डाइव्ह आधी घेतो, वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवतो आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे खबरदारीचा थांबा, प्रत्येक डाइव्हला करतो, हवा आणि समुद्र साथ देत असेल तर जास्तच. लांबच्या सफरीत मधल्या एका दिवशी अर्धा दिवस डाइव्ह नसते. डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना मध्ये सक्तीने थांबणं, लागेल अशी डाइव्ह आम्ही मुद्दाम करत नाही.

प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतःचा हवा. दोघांत एक चालत नाही, कारण दोघांची खोली कधीच तंतोतंत सारखी नसते. एका सफरीत मध्येच कॉम्प्युटर बदलायचाही नाही, नव्याला आधीच्या डाइव्हचा पत्ता नसतो.

मद्य त्या दिवसाची शेवटची डाइव्ह झाल्यावरच. ज्याने ग्लास हातात घेतला त्याचा त्या दिवसापुरता समुद्र संपला.

नायट्रॉक्स घ्यावं का?

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. तिचं प्रमाणपत्र असेल तर जरूर. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे आठवडाभराचा साठा कमी होतो. मात्र खोल पाण्यात ऑक्सिजनच विषारी ठरतो. आंशिक दाबाची, म्हणजे मिश्रणात एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याला येणाऱ्या दाबाची, १.४ बार ही मर्यादा धरली तर ३२ टक्क्यांसाठी सुमारे ३३ मीटर ही तळाची रेघ. ती ओलांडून झटका आला तर पाण्याखाली वाचणं कठीण. आपला टँक आपणच मोजायचा, आकडा लिहायचा, सही करायची. दुसऱ्याने मोजलेल्या टँकवर आम्ही कोणाला उतरू देत नाही.

टँकमधली हवा स्वच्छ आहे हे कसं कळणार?

कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून दूर आणि वाऱ्याच्या बाजूला असावी, फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून मोजणारं यंत्र हवं. तेलकट वास किंवा चव आली तर तो टँक बाजूला ठेवायचा, वाद घालायचा नाही.

मला बोट लागते. यावं का?

या. बहुतेकांना दोन दिवसांत सवय होते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, बोट सुटण्याआधी घ्यावी. पण तिने किती झोप येते ते घरीच एकदा घेऊन पाहा, गुंगीत डाइव्ह करता येत नाही. केबिन खालच्या डेकवर आणि बोटीच्या मध्याजवळ मागा, तिथे हेलकावा कमी असतो. डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहा. रिकाम्या पोटी राहू नका. उलट्या होत असतील तर शरीरातलं पाणी कमी होतं, तशा अवस्थेत आम्ही पाण्यात सोडत नाही. पाण्याखाली उलटी झालीच तर रेग्युलेटर तोंडात धरूनच करायची, त्यातून ती बाहेर जाते.

सर्दी झाली किंवा कानाला दडे बसले तर?

डाइव्ह नाही. नाक बंद असताना कानाच्या पडद्यामागचा दाब जुळत नाही आणि जोर केला तर पडदा फाटू शकतो. सर्दीची गोळी खाऊन उतरलं आणि तळाशी तिचा असर संपला तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही, तो त्रास जास्त वाईट. एक दिवस गेला तर सफर उरते.

दमा, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण?

गरोदरपणात स्कूबा करायचं नाही, इथे पर्याय नाही. बाकी आजारांबाबत डायव्हिंगची वैद्यकीय प्रश्नावली भरायची आणि जिथे ‘हो’ येईल तिथे डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांची लेखी संमती आणायची. पंचेचाळिशीच्या पुढे हृदयाची तपासणी करून घ्या, डायव्हिंगमधल्या कितीतरी मृत्यूंच्या मुळाशी हृदयविकार असतो. प्रश्नावलीत लपवाछपवी करू नका. आम्हाला माहीत असेल तर मदत करता येते.

करंट जोरात असेल तर?

आधी गाईड किंवा खलाशी उतरून करंट पाहतो, मगच गट उतरतो. प्रवाहाविरुद्ध पोहायचं नाही, त्यात दम आणि हवा दोन्ही जातात. कड्याच्या शेजारी कधी प्रवाह खाली ओढतो. तेव्हा सरळ वर पोहण्याचा हट्ट न करता कड्यापासून आडवं दूर जायचं, गरज पडली तर बीसीडीत थोडी हवा घालायची, आणि ओढ सुटताच ती हवा सोडायची. नाहीतर सुसाट वर जाल.

अपघात झालाच तर तुम्ही काय करता?

डीकॉम्प्रेशनच्या आजारात पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, जमेल तितका लवकर. प्रश्न असतो तो किती वेळ पुरेल याचा. मिनिटाला १५ लिटरने दिला तर तासाला ९०० लिटर लागतो. रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवणारा रिकॉम्प्रेशन चेंबर आठ तासांवर असेल तर एका रुग्णासाठी ७,२०० लिटर. म्हणून आम्ही ऑक्सिजनचा साठा ठिकाण पाहून ठरवतो. कोस्टारिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटरवर आहे, बोटीने एक दिवसाहून जास्त. तिथे छोटा सिलिंडर घेऊन जाणं बेजबाबदारपणाचं आहे.

पुढचा उपचार रिकॉम्प्रेशन चेंबरमध्ये होतो. नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन देतात आणि पूर्ण सत्राला जवळपास पाच तास लागतात, कधी अनेक सत्रं. हा खर्च आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च साध्या प्रवास विम्यात बसत नाही. डायव्हिंगचा विमा नसेल तर आम्ही बोटीवर घेत नाही. पॉलिसीत खोलीची मर्यादा काय लिहिली आहे तेही वाचा.

हवामान बिघडलं तर पैसे परत मिळतात का?

ठिकाण बदललं तर नाही, बोट बंदरातून निघालीच नाही तर हो. कुठे जायचं आणि कुठे नाही हा निर्णय कॅप्टनचा, त्यावर आमचंही चालत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या डाइव्हबाबत निर्णय तुमचा. कोणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतं. अंगठा वर दाखवला की गाईड किंवा बडी सोबत वर येतो, आणि डेकवर त्याबद्दल कोणी विचारत नाही.

एकटं आलं तर चालेल? डाइव्ह न करणाऱ्यांचं काय?

एकटं या, बडी आम्ही जोडून देऊ. केबिन वाटून घ्यायची असेल तर स्त्रियांना स्त्रीसोबतच देतो. फक्त स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना मात्र आमच्या बहुतेक जागा खोल आणि प्रवाहाच्या असल्याने कंटाळा येईल.

प्रवाळाबाबत काही नियम?

नांगर प्रवाळावर टाकत नाही, असेल तिथे कायमच्या मूरिंगला (समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणेला) बांधतो. हातमोजे घालून उतरायचं नाही, कारण हातमोजा असला की हात टेकवला जातो. फोटोसाठी कोणी प्राण्याला हलवलं तर त्या दिवशी त्याचा कॅमेरा बोटीवर राहतो.

शेवटच्या डाइव्हनंतर विमान कधी पकडता येतं?

विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. आम्ही २४ तास धरतो आणि शेवटचा दिवस त्याप्रमाणे आखतो. हाच विचार उंच घाटातून गाडीने जाण्यालाही लागू आहे.

घरी पोहोचल्यावर काही विचित्र वाटलं तर?

डीकॉम्प्रेशनच्या आजाराची लक्षणं बहुधा काही तासांत, बहुतेकदा २४ तासांच्या आत दिसतात, पण विमानप्रवासानंतरही सुरू होऊ शकतात. खांदा किंवा कोपर दुखणं, कारण नसताना आलेला प्रचंड थकवा, कातडीवर जांभळट जाळी, मुंग्या, लघवीला अडथळा, यातलं काहीही असेल तर ‘बॅग उचलल्याने झालं असेल’ म्हणून थांबू नका. विम्याच्या कार्डावरच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करा, मग आम्हाला. साध्या दवाखान्यात गेलात तर गेल्या आठवड्यात डायव्हिंग केल्याचं तुम्हीच आधी सांगा, डॉक्टरांना ते सुचेलच असं नाही. डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या आणि त्यातल्या नोंदी पुसू नका. उपचार ठरवताना त्या विचारल्या जातात.